वहिनीचं ‘मंग?’

वहिनीपाशी एकच शब्द होता आणि त्या एका शब्दावर तिनं अर्धा पेण तालुका बोलता केला. तो शब्द म्हणजे ‘मंग?’. समोरचा माणूस एक वाक्य बोलून थांबला की वहिनी हनुवटी जराशी वर करून ‘मंग?’ म्हणायची आणि गप्प बसायची. बस्स, एवढंच. आमच्या एस.टी.चा एक कंडक्टर होता. त्याच्याकडे सुट्टे मागितले तर तो खिडकीबाहेर बघायचा. त्यानं पेण ते वडखळ एवढ्याशा वाटेत वहिनीला आपल्या बहिणीचं लग्न कसं मोडलं, का मोडलं आणि मोडलं तेच कसं बरं झालं, इथपर्यंत सगळं सांगून टाकलं. मी शेजारच्याच सीटवर बसले होते. माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

मला वहिनीचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचणाऱ्याला ते शोधत बसायला नको. वाटायचा म्हणजे काय, अजून वाटतो. वय वाढलं की असल्या गोष्टी निवळतात म्हणतात. माझ्या बाबतीत तसं काही झालेलं नाही आणि त्याबद्दल मला फारसं वाईटही वाटत नाही.

पेणला एका संस्थेनं तेव्हा उद्योजकता या विषयातली मास्टर्स डिग्री नव्यानं सुरू केली होती. मी रोह्याची. रोह्यात माणूस शिकतो तो कंपनीत लागायला. पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, दिवाळीला मिठाईचा बॉक्स, असं सगळं सरळ असतं. त्यात मी धंदा शिकायला कॉलेजात जाते म्हटल्यावर आत्यानं विचारलं, मग आपल्या बाजारपेठेतले सगळे दुकानदार नापास झालेले म्हणायचे का. आई म्हणाली, शिकू दे तिला, पुढचं पुढे बघू. अप्पा, म्हणजे माझे वडील, काहीच म्हणाले नाहीत. अप्पा शाळामास्तर होते. सगळं बोलणं शाळेत संपवून आल्यासारखे ते घरात गप्प असत, आणि निवृत्त झाल्यावर तर जास्तच. ‘चहा झाला का’, ‘पेपर कुठे आहे’, ‘दार लावून घ्या’ आणि ‘नको’, एवढ्या भांडवलावर त्यांचा घरातला सगळा व्यवहार चालायचा. त्यांच्या ‘नको’चं कारण विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

पहिल्या दिवशी तास सुरू झाला आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. पंजाबी ड्रेस, गळ्यात मंगळसूत्र, नखांच्या कडांना सोनेरी रंग. तो नेलपॉलिशचा नव्हे, गणपतीच्या मुकुटाचा. सरांना वाटलं, कुणाची तरी मोठी बहीण फी भरायला आली आहे. ऑफिस खाली आहे, असं त्यांनी तिला नम्रपणे सांगितलं. ऑफिसात जाऊनच आले, असं तितक्याच नम्रपणे सांगून ती पहिल्या बाकावर, म्हणजे माझ्या शेजारी, येऊन बसली. ती हमरापूरची. तिच्या सासरी गणपतीचा कारखाना होता आणि तिची मुलगी शाळेत जात होती. आम्ही सगळे विशी नुकती ओलांडलेले. मधल्या सुट्टीत कुणीतरी तिला ‘वहिनी’ म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत ती अख्ख्या वर्गाची वहिनी झाली. महिनाभरात वयानं तिच्या दुप्पट असलेले सरसुद्धा ‘वहिनी, तुम्ही सांगा’ म्हणू लागले.

त्याच दिवशी सरांनी प्रत्येकाला विचारलं होतं, तुम्ही हा अभ्यासक्रम का निवडलात. मी आठवडाभर आधी वाक्य पाठ करून गेले होते. त्यात स्थानिक उत्पादनं होती, मूल्यवर्धन होतं, बाजारपेठ होती. सरांनी मान डोलावली. मग वहिनी उठली आणि म्हणाली, “सासूबाय म्हणल्या, घरात बसून आमचं डोकं खाऊ नको, कॉलेजात जाऊन सरांचं खा.” वर्ग हसला, सर हसले, दारातून चाललेला शिपाईदेखील हसला. माझं वाक्य तिथल्या तिथे विसरलं गेलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आई कुणाकुणाबद्दल म्हणायची. त्याचा अर्थ मला त्या दिवशी नीट समजला.

आता ती काही गुणांची पुतळी नव्हती, हेही लिहून ठेवायला हवं, कारण तिच्याबद्दल बोलताना लोक ते सोयीस्करपणे विसरतात. ती कधी वेळेवर यायची नाही. वर्गात लिहून काही घ्यायची नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडून सगळं समजावून घ्यायची आणि ‘तुझ्यासारखी हुशार पोर सगळ्या रायगडात नाय गो’ म्हणून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायची. मी चढायचेही. दुसऱ्याच्या डब्यातली वालाची उसळ तिला आपल्या डब्यातल्या पापलेटापेक्षा गोड लागायची. एकदा तर आईचा स्टीलचा गोल डबा ती उसळीसकट घरी घेऊन गेली. ‘उद्या आणते’ म्हणाली. तो डबा अजून तिच्याकडेच आहे आणि आई अजून मलाच विचारते.

पहिल्या सत्रात सरांनी आम्हांला ग्राहकांचा अभ्यास करायला पेणच्या बाजारात पाठवलं. पापड, मिरगुंडं, पोहे विकणाऱ्या दुकानांत जाऊन प्रश्न विचारायचे होते. मी प्रश्नावली केली होती. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, खाली सहीची जागा. दुकानदारांनी पटापट खुणा केल्या आणि सगळं ‘उत्तम’ असल्याचं मला कळवलं. वहिनी एकाच दुकानात गेली. तिथल्या बाईंनी ‘गिऱ्हाईक बरं आहे’ म्हटल्यावर ही ‘मंग?’ म्हणाली आणि तिथंच स्टुलावर बसली. ती उठली तोवर बाईंनी तिला सांगितलं होतं की, मुंबईची बाई दोन प्रकारची पाकिटं नेते. पेणचं नाव ठळक छापलेलं पाकीट नेते ते दुसऱ्याला द्यायला, आणि बिननावाचं नेते ते घरी तळायला. एकाच पिठाचे पापड असतात, पण नावाच्या पाकिटातला एखादा मोडका निघाला तर ती भांडायला येते, बिननावाच्या पाकिटात चार मोडके निघाले तरी बोलत नाही.

सरांनी मला माझ्या मांडणीबद्दल चांगले गुण दिले. आणि वहिनीचा पापड कोर्स संपेपर्यंत त्यांनी प्रत्येक तासाला उदाहरण म्हणून वापरला. पाहुण्या वक्त्यांना सांगितला, दुसऱ्या कॉलेजातल्या मास्तरांना सांगितला. प्रत्येक वेळी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी तिला एकदा विचारलं की, तू हे करतेस तरी कसं. ती म्हणाली, “मी काय करते गो? मला पुढचं ऐकायचं असतं, म्हणून इचारते. तुला तुझा कागद भरायचा असतो.” हे तिनं माझी उसळ खाता खाता सांगितलं.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचा एक उद्योग उभा करून दाखवायचा होता. माझं ठरलेलं होतं. निडीला, रेल्वे स्टेशनापासून जवळ, आमचं वडिलोपार्जित शेत आहे. पावसाळ्यात भात आणि भात कापल्यावर त्याच ओलीवर कडवे वाल. माघाच्या थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, खाणाऱ्यांसाठी कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाल्याचा बोळा. मग मडकं शेतात उलटं ठेवून भोवती गवत-काटक्या रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब आत घालायचा नाही. त्या पाल्याचा वास ज्यानं एकदा घेतला तो पुढच्या थंडीची वाट बघतो. नव्या मुंबईतली माणसं यासाठी गाड्या काढून येतात, हे मी बघत होते. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण पिकतं तिथे बोलावून खाऊ घालता येतं, असा माझा मुद्दा होता. मी आराखडा केला. शेतात बसायच्या जागा, शिकवून तयार केलेले कामगार, स्वच्छतागृह, सगळं काही. वर्गात तो मांडला तेव्हा सर म्हणाले, यापेक्षा नीट आराखडा मी पाहिलेला नाही.

उरलं होतं ते फक्त शेत. मी आराखडा घेऊन अप्पांसमोर बसले आणि त्यांना पानं उलटून उलटून समजावलं. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “नको.” त्या वेळी मी आयुष्यात पहिल्यांदा कारण विचारलं. तेव्हा ते म्हणाले, “पोपटी विकायची नसते. पोपटीला बोलवायचं असतं.” एवढं बोलून ते दार लावायला उठले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. शेत मिळालं नाही तर माझा उद्योग नाही, उद्योग नाही तर डिग्रीच्या नावाखाली दोन वर्षं फुकट, आणि मग कंपनीच्या गेटवर अर्ज घेऊन उभं राहायचं. आत्या तर त्याची वाटच बघत होती.

हे मी वहिनीला सांगितलं ती माझी चूक म्हणा नाहीतर माझं नशीब. सरांनी तोवर एकमेकांच्या उद्योगाला मदत करायला आमच्या जोड्या लावल्या होत्या आणि माझ्या वाट्याला तीच आली होती. तिचा स्वतःचा काही बेत नव्हता. ती म्हणाली, रविवारी येते तुझ्या घरी, बघू तरी अप्पा कसे हायत. मी म्हटलं, ते कुणाशी बोलत नाहीत. यावर तिनं ‘मंग?’ म्हटलं नाही. नुसतीच हसली.

रविवारी ती रोह्याला आली आणि चप्पल काढता काढता ओट्यावर बसलेल्या माझ्या वडिलांना ‘अप्पा’ म्हणाली. काका नाही, मास्तर नाही, सर नाही. पहिल्याच भेटीत थेट अप्पा. मी आत पाणी आणायला गेले. बाहेर अप्पा म्हणाले, या बसा, ऊन फार आहे. वहिनी म्हणाली, व्हय, गाडीत तापलं होतं. मग तिनं विचारलं की, निडी स्टेशन गेलं तेव्हा खिडकीतून शेतं दिसली, त्यातलं तुमचं कुठलं. अप्पा म्हणाले, चिंचेच्या अलीकडचं. आणि मग मला तो शब्द ऐकू आला. मी पाण्याचा तांब्या हातात धरून दाराआड थांबले. वाटलं, आता काय होतंय ते बघू.

अप्पा बोलायला लागले. आधी अडखळत, मग सावकाश, मग सलग. आई पोळ्या लाटायची थांबून दाराशी आली. आम्ही दोघी आमच्याच घरात उभ्या राहून आमच्याच माणसाचं बोलणं चोरून ऐकत होतो. अप्पा तरुण असताना निडीला पोपटी लावायची तर मडकं भरायला त्यांनाच बोलवत, हे मला माहीत नव्हतं. भांबुर्डा किती घालायचा, शेंगा किती दाबायच्या, हे सगळं त्यांच्या हाताला ठरलेलं. शाळेत नोकरी लागल्यावरही थंडीत त्यांना सायकलवरून न्यायला माणूस यायचा. मडकं भरणाऱ्यानं सगळ्यांच्या शेवटी खायचं, अशी तिथली रीत होती आणि शेवटी खाताना सगळे त्याच्याभोवती बसून राहायचे. “मंग?” वहिनी म्हणाली. मग काय, अप्पा म्हणाले, ती माणसं गेली. आता पोरं लावतात. बाजारातला मसाला आणतात, गाणी लावतात. रविवारी मी शेतावर जातो, धूर दिसतो, वास येतो. कुणी बोलवत नाही.

हे सांगताना त्यांचा आवाज साधाच होता. आईनं पदर तोंडाला लावला. मला मात्र रडू आलं नाही, रागच आला. इतकी वर्षं मी या माणसाच्या ताटाशेजारी ताट मांडून जेवत होते. त्यांच्या ‘नको’च्या आत हे होतं आणि ते त्यांनी हमरापूरच्या एका बाईला, पाण्याचा पेला हातात पडायच्या आधी, सांगून टाकलं.

वहिनीनं तिथं एक शब्दही समजुतीचा काढला नाही. ती म्हणाली, “अप्पा, आमी दोघी पोपटी लावणार हाव. पण मला मडकं भरता येत नाय, हिला तर नायच येत. तुमी याल?” अप्पांनी चष्मा पुसला नाही. ते म्हणाले, “कधी?” झालं. शेताचा विषय निघालाच नाही, कारण अप्पा येणार म्हणजे शेत आलंच. माझा तो आराखडा कपाटावर होता. त्याला कुणी हात लावला नाही.

पहिल्या पोपटीला सर, वर्गातली काही मुलं आणि नव्या मुंबईची तीन-चार कुटुंबं बोलावली होती. मडकी आणायचं काम वहिनीकडे होतं. दुपारी टेम्पो शेताशी लागला, तिनं मोठ्या ऐटीत ताडपत्री ओढली आणि आम्ही बघतच राहिलो. एकूण एक मडकं रंगवलेलं. गुलाबी, निळं, पिवळंधमक, गळ्याला सोनेरी पट्टी, पोटावर कमळं. हमरापूरच्या माणसाच्या हातात मातीची वस्तू आली की ती रंगल्याशिवाय सुटत नाही. कारखान्यातल्या सगळ्यांनी मिळून दोन दिवस खपून ती सजवली होती. ही मडकी जाळात घालायची आहेत, आणि जाळात ऑइलपेंटचं काय होतं, हे त्या सबंध घरात एकालाही सुचलं नव्हतं. तिच्या सासरी मातीचं जे काही बनतं ते पाण्यात जातं, विस्तवात नाही.

खरं सांगते, माझ्या मनात आनंदाची उकळी फुटली. पाहुणे तासाभरात येणार होते आणि ही बाई, जिची उदाहरणं सर गावभर सांगत, ती रंगीत मडक्यांच्या मधोमध तोंडाचा आ करून उभी होती. मी अप्पांकडे पाहिलं. लहानपणी माझ्या हातून दौत सांडली होती तेव्हा अप्पा चार दिवस माझ्याशी बोलले नव्हते. आता ते काय करतात, हे मला बघायचं होतं. अप्पांनी एक मडकं उचललं, फिरवून कमळ पाहिलं आणि ते हसले. ओठातल्या ओठात नव्हे. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग शेजारच्या वाडीत स्वतः गेले आणि दोन घरांतून काळी पडलेली जुनी मडकी मागून घेऊन आले. अप्पा कुणाच्या तरी दारात काही मागायला गेले, हेदेखील मी पहिल्यांदाच पाहत होते. ज्या घरांतून मडकी आली ती माणसंही मागोमाग आली. मास्तर मडकं भरतायत म्हटल्यावर न येऊन करतील काय.

पोपटी झकास झाली. मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, अप्पांनी काठीनं मडकं बाजूला घेतलं आणि पाल्याचा बोळा काढल्याबरोबर पाहुण्यांच्या बोलण्याचा आवाज बंद झाला. सगळ्यांचं झाल्यावर अप्पा शेवटी खायला बसले आणि सगळे त्यांच्याभोवती बसले. वहिनीनं ‘मंग?’ म्हटलं की ते पुढची गोष्ट सांगायचे. नव्या मुंबईची मुलं मोबाईल खिशात ठेवून ऐकत होती. आणि जाताना प्रत्येक कुटुंबानं एकेक रंगीत मडकं विकत नेलं, कारण वहिनीनं ती बांधावर ओळीनं मांडून ठेवली होती. पुढे ‘पोपटीची आठवण’ म्हणून मडकी विकायचा तिचा धंदाच झाला. माझ्या हातून चूक झाली तर ती चूक राहते. तिच्या चुकीचा धंदा होतो. यावर कुठल्या कॉलेजात काय शिकवतात, मला माहीत नाही.

परतताना निडी स्टेशनवर अप्पा आणि मी गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, मी मागितलं तेव्हा नको म्हणालात, तिनं मागितलं तेव्हा एका शब्दात हो. मी तुमची मुलगी की ती? अप्पा रुळांकडे बघत होते. मग म्हणाले, “तू जागा मागितलीस. तिनं मला बोलावलं.”

त्यानंतर गाडी आली आणि आम्ही चढलो. पण माझा हेवा त्यामुळे कमी झाला असं कुणी समजू नये. उलट, आत्तापर्यंत तो नुसता होता, आता त्याला कारण मिळालं.

परीक्षेत मी पहिली आले. वहिनी कशीबशी पास झाली आणि माझ्या निकालाचे पेढे तिनंच वाटले. पुढची थंडी आम्ही दोघींनी मिळून काढली. शनिवार-रविवारी पोपटी, मडकी, अप्पांच्या गोष्टी. मग तिच्या सासरच्यांनी सुरतेला गणपतीच्या कारखान्यासाठी जागा घेतली आणि तिथलं सगळं बघायला तिला आणि नवऱ्याला जावं लागलं. निघायच्या आधी ती रोह्याला आली, अप्पांच्या पाया पडली आणि मला म्हणाली, “हे सगळं तुझंच हाय गो. मी आपली पावणी होते.” शेत माझं, वडील माझे, आराखडा माझा, आणि ते मला देऊन टाकणारी ही कोण, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती रडत होती आणि तिला पाहून अप्पाही. मग मलाही रडावं लागलं.

ती गेल्यावर अप्पा पुन्हा ‘दार लावून घ्या’वर आले. शेतावर यायचे, मडकं मन लावून भरायचे, शेवटी खायचे. पण पाहुणे भोवती बसले तरी दोन-चार वाक्यांत आटपायचे. जुने पाहुणे मला विचारायचे, वहिनी नाही का आल्या. मी सगळं चोख करत होते. बसायच्या जागा, स्वच्छतागृह, आराखड्यात लिहिलं होतं तसंच्या तसं. नव्या लोकांना ते आवडायचंही. तरी गाडीत बसताना त्यांच्यातलं कुणीतरी म्हणायचं की, पूर्वी इथे एक वहिनी होत्या म्हणे. माझ्या स्वतःच्या बांधावर, माझ्या स्वतःच्या गिऱ्हाइकाच्या तोंडून मी हे ऐकत होते. सुरतेहून ती अप्पांना फोन करायची. फोन ठेवला की अप्पांचा चेहरा उजळलेला असायचा आणि मी भांडी आपटायचे.

या माघात एका सकाळी आम्ही दोघं शेंगा काढत होतो. पाहुणे संध्याकाळी यायचे होते. ऊन कोवळं होतं, भांबुर्ड्याचा वास सुटला होता. शेंगा टोपलीत टाकता टाकता अप्पा मध्येच म्हणाले, “या बांधावर एकदा मी दिवसभर बसून राहिलो होतो.” एरवी मी म्हटलं असतं, उन्हात बसत जाऊ नका. किंवा विचारलं असतं, कधी, कशाला, जेवला होतात का. माझ्याजवळ प्रश्न तयार असतात, ते काही सुटलेलं नाही. पण त्या सकाळी हातात शेंगा होत्या, घाई नव्हती, आणि मला खरोखरच पुढचं ऐकायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, “मंग?”

अप्पांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हसतील, वहिनीची नक्कल करतेस म्हणतील. ते हसले नाहीत. खाली बघून शेंगा तोडत राहिले आणि बोलायला लागले. ते थांबले की मी पुन्हा तो शब्द म्हणायचे, पुढे पुढे तर तोही लागला नाही. टोपली भरली तरी आम्ही उठलो नाही. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, “हे मी वहिनीलासुद्धा सांगितलेलं नाही.”

ते काय होतं ते मी इथे लिहिणार नाही.

अप्पा टोपली घेऊन पुढे गेले आणि मी तिथंच बांधावर बसून सुरतेला फोन लावला. मागे मूर्ती घासल्याचा आणि कुणीतरी रंग मागत असल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, वहिनी, आज अप्पांनी मला एक गोष्ट सांगितली, तुलासुद्धा न सांगितलेली. तिकडून तोच शब्द आला, तसाच, हनुवटी वर झालेली मला इथून दिसली. “मंग?”

कंडक्टर जिथं टिकला नाही, पापडवाली टिकली नाही, माझे वडील टिकले नाहीत, तिथं मी टिकले. मी म्हटलं, “नाही सांगणार.”

मला वाटलं होतं ती खोदून खोदून विचारेल. निदान थोडी तरी जळेल. ती म्हणाली, “नको सांगू गो. तुज्याकडंच राहू दे ती.” आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की, जी गोष्ट मी स्वतः मिळवली होती, तीसुद्धा शेवटी तिनंच मला देऊन टाकली असं झालं. मी रागानं फोन ठेवला. मग पुन्हा लावला आणि आईचा डबा कधी पाठवतेस ते विचारलं.

“उद्या पाठवते,” ती म्हणाली.